रायफल दुर्मीळ कशी होते

एनफील्डची १८५३ च्या नमुन्याची रायफल दुर्मीळ असायचे वरकरणी काहीच कारण नाही. इंग्लंडमध्ये ती लाखांनी बनली; एकूण आकडा पंधरा लाखांच्या आसपास धरला जातो. त्यांतल्या आठ-नऊ लाख रायफली अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी विकत घेतल्या, म्हणून आजही अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात ती सहज मिळते. मात्र हिंदुस्थानी शिपायाच्या हातातून गेलेली, नळीतल्या पीळदार खाचा शाबूत असलेली एनफील्ड शोधायला निघालेल्या संग्राहकाला फार मोठा पल्ला गाठावा लागतो. ज्या रायफलीच्या काडतुसावरून सत्तावन्नचा भडका उडाला असे आपण शाळेपासून वाचत आलो, तीच मूळ स्वरूपात आपल्याकडे इतकी विरळ का, या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या हिशेबात सापडत नाही. ते सरकारी हुकमांत सापडते. माझे म्हणणे एवढेच आहे की, निदान हिंदुस्थान आणि नेपाळपुरते पाहिले तर जुन्या रायफलींची दुर्मिळता ही राज्यकर्त्यांनी घडवलेली गोष्ट आहे. कोणती रायफल उरली, कोणती बिघडवली गेली आणि कोणती वितळवली गेली, हे पाहिले की कोणाचा कोणावर किती विश्वास होता ते कळते. संग्रह या दृष्टीने झाला तर त्याला इतिहासाच्या साधनाची किंमत येते, नाही तर तो श्रीमंतांचा छंद राहतो.

मुद्दा नीट कळायला नळीच्या आत डोकावावे लागते. ठासणीच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. गोळी नळीपेक्षा थोडी बारीक, त्यामुळे ती आत आपटत बाहेर पडते आणि शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा राहत नाही. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा कोरलेल्या असतात. १८५३ च्या एनफील्डमध्ये अशा तीन खाचा होत्या. बार उडाला की लांबट गोळीचा मऊ शिशाचा बुंधा फुगून या खाचांत बसे, गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे आणि सरळ जाई. या रायफलीच्या नेमपट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा कोरलेल्या असत. एकाच लांबीच्या, बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन बंदुकांत हा फरक होता, आणि तो ज्याच्या हातात त्याचे पारडे रणांगणावर जड होते. १८५७ च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे या नव्या रायफलीचे शिक्षण देणारी केंद्रे उघडली आणि तिथे निरनिराळ्या पलटणींतले थोडे थोडे शिपाई पाठवले गेले. काडतुसाला लावलेल्या चरबीचा संशय तिथूनच छावण्याछावण्यांत पसरला. म्हणजे बहुसंख्य हिंदुस्थानी पलटणींना ही रायफल मिळायच्या आतच उठाव झाला. मूळ एनफील्ड विरळ असण्याचे पहिले कारण इतके साधे आहे.

दुसरे कारण उठाव मोडल्यानंतरचे आहे, आणि सारा वाद त्याच्याभोवती फिरतो. हिंदुस्थानी पलटणींसाठी इंग्रजांनी १८५८ चा म्हणून एक वेगळा नमुना ठरवला. हा नमुना म्हणजे १८५३ चीच एनफील्ड, पण नळी आतून घासून गुळगुळीत केलेली. मूळ नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच होता, तो ०.६५६ इंचांच्या आसपास नेला. म्हणजे व्यास सुमारे दोन मिलिमीटरने वाढेल इतके लोखंड आतून खरवडून काढले आणि त्याबरोबर तिन्ही खाचा गेल्या. लांब पल्ल्याच्या खुणा असलेली, वर-खाली होणारी नेमपट्टी काढून तिथे एक बसकी, पक्की खुंटी बसवली, कारण आता दूरच्या नेमाला अर्थच उरला नव्हता. अशी एखादी बंदूक आज हातात घेऊन निरखली तर चापाच्या पट्टीवर मुकुट दिसतो, दस्ता आणि पितळी बूड तसेच असते, नळी दस्त्याला आवळणारे तीन पट्टेही तसेच असतात. लांबून कोणालाही ती एनफील्ड रायफलच वाटावी. फरक दिसतो तो नळीच्या तोंडाशी. तिथली भिंत डोळ्यांना जाणवेल इतकी पातळ आहे. घासलेल्या या नळ्या इतक्या कमकुवत ठरल्या की लगेच १८५९ चा जाड नळीचा नमुना काढावा लागला. चांगले शस्त्र पैसे खर्चून जाणूनबुजून वाईट करायचे आणि ते कमकुवत झाल्यावर आणखी पैसे खर्चून मुळातच वाईट असे नवे शस्त्र बनवायचे, असे उदाहरण शस्त्रांच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

यावर असे म्हणता येईल, आणि म्हटलेही जाते, की यात अविश्वासापेक्षा काटकसर आणि व्यवहार अधिक होता. रायफल महाग, तिचे काडतूस नाजूक, तिच्यावर नेम धरायचे शिक्षण वेळखाऊ, आणि काडतुसाच्या वंगणावरूनच एवढा अनर्थ घडलेला. तेव्हा साधी नळी आणि साधी गोळी बरी, असा विचार कोणत्याही सेनाधिकाऱ्याने केला असता. शिक्षणाचा आणि वंगणाचा मुद्दा मी झिडकारत नाही. पण काटकसरीची सबब मात्र टिकत नाही. साधी नळी स्वस्त म्हणून हवी होती, तर कोठारांत जुन्या साध्या नळीच्या मस्केटी पडून होत्याच. तयार रायफल घेऊन तिच्या खाचा खरवडायचा खर्च कशासाठी केला? वंगणाचीच भीती असती तर वंगण बदलता आले असते, आणि काडतूस दाताने तोडायच्या ऐवजी हाताने फाडायचे असा बदल तर सत्तावन्नातच करून झाला होता. शिवाय त्याच छावणीत, त्याच हवेत, त्याच हिशेबखात्याच्या अंमलाखाली राहणाऱ्या गोऱ्या पलटणींच्या रायफली कोणी घासल्या नाहीत.

हा निर्णय सुटा नव्हता, ही गोष्टही लक्षात घेतली पाहिजे. सैन्याच्या फेररचनेसाठी पील कमिशन बसले. बंगालमध्ये दर दोन हिंदुस्थानी शिपायांमागे एक गोरा आणि मद्रास-मुंबई इलाख्यांत दर तिघांमागे एक, हे प्रमाण ठरले. डोंगरी तोफखान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर तोफा हिंदुस्थानी हातांतून काढून घेतल्या. माणसांचे प्रमाण, तोफांची मालकी आणि नळीतल्या खाचा हे एकाच धोरणाचे तीन पदर आहेत. पहिले दोन आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो. तिसरा पुस्तकांत फारसा येत नाही. तो बंदुकीच्या नळीत राहिला आहे.

त्या धोरणाचा रणांगणावरचा परिणाम पाहायचा तर अबिसिनियाची मोहीम पाहावी. ही मोहीम मुंबईहून निघाली आणि तिचा सेनापती सर रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचाच सरसेनापती होता, म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासाशी तिचा संबंध आहे. तोपर्यंत इंग्रजांनी जुन्या एनफील्डच्या नळीचा मागचा भाग कापून तिथे स्नायडरची झडप बसवायला सुरुवात केली होती. १८६६ मध्ये स्वीकारलेल्या या पद्धतीत काडतूस मागून भरता येई आणि गोळीबाराचा वेग ठासणीच्या बंदुकीच्या कित्येक पट होई. १० एप्रिल १८६८ रोजी अरोगीच्या पठारावर लढाई जुंपली तेव्हा गोऱ्या पलटणीच्या हातात या नव्या स्नायडर होत्या, आणि तिच्या बाजूला लढणाऱ्या पंजाबी पायोनियर पलटणीकडे ठासणीच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. एकच सैन्य, एकच शत्रू आणि शस्त्रांत पिढीचे अंतर. पुढेही हेच चालू राहिले. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा स्नायडर हिंदुस्थानी पलटणींकडे आल्या. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी. संग्राहकाला याचा अर्थ असा की मूळ एनफील्डवर दोन बाजूंनी घाला पडला: इंग्लंडमध्ये ती कापून स्नायडर झाली, आणि इकडे ती घासून बोथट झाली.

माझ्या मांडणीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप सिंधमधून येतो. मुंबई तोफखान्यातला अधिकारी जॉन जेकब हा सिंधच्या सरहद्दीवर वर्षानुवर्षे रायफलींचे प्रयोग करत होता. त्याने दुनळी, चार खाचांची रायफल स्वतः आखली आणि बर्मिंगहॅमच्या स्वाइनबर्न कारखान्याकडून बनवून घेतली. तिची मजल दोन हजार यार्डांपर्यंत आहे असा त्याचा दावा होता, आणि शत्रूच्या दारूच्या गाड्या उडवण्यासाठी स्फोटक गोळ्याही त्याने बनवल्या होत्या. पुढे १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली. ही रायफल वापरणारी पलटण ‘जेकब्ज रायफल्स’ या नावाने १८५८ मध्येच उभी राहिली, आणि तिचे शिपाई हिंदुस्थानी होते. म्हणजे ज्या वर्षी इतरांच्या नळ्या घासण्याचा नमुना ठरत होता, त्याच वर्षी मुंबई लष्करातल्या हिंदुस्थानी शिपायांना त्या काळची बहुधा सर्वांत अचूक लष्करी रायफल दिली जात होती. मग अविश्वासाचे धोरण कुठे राहिले?

या आक्षेपाने माझी मांडणी मोडते असे मला वाटत नाही, पण ती अधिक बारकाईने करावी लागते हे खरे. जेकब लष्करातल्या शिस्तीविषयी स्वतंत्र मते छापून प्रसिद्ध करणारा, वरिष्ठांशी भांडणारा माणूस होता. सिंध सरहद्दीवरचा त्याचा अंमल बराचसा त्याच्या एकट्याच्या हिमतीवर चाले. त्याची पलटण सत्तावन्नच्या आगीपासून दूर होती आणि तिची गरज सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्ध होती. डिसेंबर १८५८ मध्ये जेकब जेकबाबादेस वारला. त्याची रायफल लष्कराने सर्वसाधारण नमुना म्हणून कधी स्वीकारली नाही. याचा अर्थ एवढाच निघतो की इंग्रजांचा अविश्वास सरसकट नव्हता. तो पलटण पाहून, प्रदेश पाहून मोजूनमापून वाटलेला होता. आज जेकब रायफल थोरामोठ्यांच्या लिलावांत अतिशय चढ्या भावाने जाते, तिचे लाकूड, तिची दुहेरी नळी, तिची लांबलचक नेमपट्टी यांचे रसभरीत वर्णन होते, ते सगळे योग्यच आहे. पण तिच्या शेजारी घासलेल्या नळीची एक एनफील्ड ठेवल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही, आणि ही दुसरी बंदूक मात्र मोडकी, दुय्यम म्हणून नाकारली जाते. संग्राहकांची ही आवड मला बदलावीशी वाटते.

शस्त्र नाकारण्याचे धोरण फक्त पलटणींपुरते नव्हते. १८५७ मध्येच हत्यारबंदीचा कायदा आला. त्या नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी आपली हत्यारे द्यायला नकार दिला. गावावर पलटण गेली आणि अनेकांना फाशी झाली. पुढच्या वर्षी नरगुंदच्या भावे संस्थानिकांचा उठाव झाला, त्याच्या कारणांतही हत्यारे काढून घेण्याचा संताप होता. अवधमध्ये तर दीड लाखांहून अधिक बंदुका जमा करून घेतल्या गेल्या. १८७८ मध्ये लिटनच्या कारकीर्दीत शस्त्रकायदा झाला, त्यात परवान्याची सक्ती हिंदुस्थानी माणसाला आणि सूट युरोपियनाला अशी उघड विषमता होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. देशी कारागिरांनी घडवलेल्या तोड्याच्या आणि टोपीच्या बंदुका या सगळ्यात मोठ्या संख्येने गेल्या. उरल्या त्या बहुतेक संस्थानिकांच्या शिलेखान्यांत आणि शिकारखान्यांत, कारण त्यांना सूट होती. म्हणूनच आपल्या संग्रहालयांत कोरीवकाम केलेल्या राजेशाही बंदुका पुष्कळ दिसतात आणि पाटलाच्या वाड्यातली, रामोशाच्या खांद्यावरची साधी बंदूक फारशी दिसत नाही. साधी वस्तू आपोआप टिकत नाही हे मान्य केले तरी इथे ती नुसती हरवली नाही, मोजून काढून घेतली गेली.

आता नेपाळकडे वळू, कारण हा सगळा प्रकार तिथे उलट्या बाजूने दिसतो. सुगौलीच्या तहानंतर नेपाळ स्वतंत्र राहिले, पण इंग्रजांच्या संमतीशिवाय कोणाही युरोपियनाला नोकरीस ठेवायचे नाही हे कलम त्याच्या गळ्यात होते, आणि बाहेरून शस्त्रे आणायची तर वाट इंग्रजी मुलखातूनच होती. जंग बहादूर राणाने सत्तावन्नच्या उठावात लखनौला फौज नेऊन इंग्रजांना मदत केली, त्याबद्दल पश्चिम तराई परत मिळाली. तरी नवी शस्त्रे हवी तितकी मिळाली नाहीत. तेव्हा नेपाळने ती घरी बनवली. दोन खाचांची ब्रन्सविक रायफल इंग्लंडमध्ये जुनी झाली तरी काठमांडूत तिच्या नकला होत राहिल्या. बीर शमशेर पंतप्रधान असताना त्याचा मुलगा गेहेंद्र शमशेर याने आपल्या बापाच्या नावाची दुनळी ‘बीरा’ तोफ, म्हणजे हाताने फिरवायच्या दांड्यावर चालणारी गार्डनर पद्धतीची यांत्रिक बंदूक, तयार केली. आणि मार्टिनीसारखी दिसणारी, पण आत वेगळी यंत्ररचना असलेली, आज त्याच्याच नावाने ओळखली जाणारी रायफलही. ही गेहेंद्र रायफल उघडली की कारागिराचा हात दिसतो: मार्टिनीतल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगेऐवजी चपट्या पट्टीची स्प्रिंग, कानशीने घासून बसवलेले भाग, आणि त्यांवर देवनागरीत ठोकलेले आकडे. एका रायफलीचा भाग दुसरीला नीट बसत नाही, म्हणून प्रत्येक भागाला तिचा आकडा. तिला मागासलेपणाची खूण म्हणणारे बरेच आहेत. मला तिच्यात दार बंद असताना भिंत फोडून वाट काढलेली दिसते.

२००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या लगन सिलखान्यात साठलेली ही सगळी शस्त्रे अमेरिकेतल्या दोन व्यापारी कंपन्यांनी विकत घेतली. पन्नास हजारांच्या आसपास बंदुका निघाल्या. त्यांत ब्रन्सविक होत्या, एनफील्ड होत्या, स्नायडर, मार्टिनी, गेहेंद्र आणि बीरा तोफाही होत्या. इतक्या जुन्या आणि इतक्या प्रकारच्या बंदुका एका छपराखाली टिकल्या, याचे कारण राजकारणात आहे. ज्या ब्रिटनकडे शस्त्रांची ददात नव्हती त्याने जुनी एनफील्ड कापून स्नायडर केली आणि स्नायडर जुनी झाल्यावर भंगारात काढली. ज्या नेपाळला प्रत्येक नळी झगडून मिळवावी लागली त्याने निकामी झालेलीही फेकली नाही. टंचाईनेच इथे साठा टिकवला. आणि हा साठा नेमका अमेरिकेतच गेला, यामागेही कायदाच आहे: तिथल्या १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुरातन ठरते आणि तिच्या खरेदी-विक्रीला शस्त्राचे निर्बंध सहसा लागत नाहीत. आधी गेहेंद्र रायफल नेपाळबाहेर क्वचितच कोणी पाहिली होती. त्या एका खरेदीनंतर ती कोणाही मध्यमवर्गीय अमेरिकी संग्राहकाच्या आवाक्यात आली. दुर्मिळता एका हुकमाने निर्माण होते तशी एका सौद्याने संपतेही.

कोणी म्हणेल, हा सगळा अर्थ मी ओढूनताणून लावतो आहे; रायफल थोडी बनली की दुर्मीळ होते, इतके सरळ आहे. काही रायफलींबाबत ते खरेच आहे. षट्कोनी छिद्राची व्हिटवर्थ रायफल घ्या. १८६० मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने तिच्यातून ४०० यार्डांवर पहिली गोळी झाडली आणि ती केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. अचूकतेत तिने एनफील्डला मागे टाकले, पण ती कित्येक पट महाग होती आणि दारूच्या काजळीने लवकर कोंदे. म्हणून सरकारने घेतली नाही, थोडीच बनली आणि आज दुर्मीळ आहे. तिच्यापुरता आक्षेप मला मान्य आहे. पण लाखांनी बनलेली रायफल एका देशात शाबूत आणि दुसऱ्या देशात घासलेली मिळते, तेव्हा उत्पादनाचा आकडा काही सांगत नाही. दुसरा आक्षेप नीतीचा आहे: माणसे मारायची साधने कौतुकाने का जमवावीत? कौतुकाने जमवू नयेतच. पण घासलेल्या नळीची बंदूक जपणे म्हणजे हिंसेचे कौतुक नव्हे. सरकारने प्रजेवर ठेवलेल्या अविश्वासाचा तो हातात धरता येणारा पुरावा आहे, आणि कागदांपेक्षा तो खोटा पाडायला अवघड आहे.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगितले पाहिजे. भाव वाढला की नकला येतात. खैबर खिंडीच्या आसपासच्या कारागिरांनी मार्टिनीच्या हुबेहूब प्रती केल्या, त्यांवर इंग्रजी ठसेही मारले. अक्षर उलटे पडलेले किंवा व्हिक्टोरियाच्या नावाखाली तिच्या मृत्यूनंतरचे साल घातलेले असे ठसे त्यांत सापडतात. ज्याला ठसे वाचता येतात तोच फसत नाही. म्हणून रायफलीवरचा गंज घासून, पितळ चकचकीत करून, दस्त्याला नवे पॉलिश मारून ती दिवाणखान्यात टांगणे हे मला नुकसानच वाटते. ठसा पुसट झाला की बंदुकीची साक्ष गेली.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्याने दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट किंवा पुरातन बंदुकीला सूट दिली आहे, पण ती चालणारी आहे की नाही हे घरमालकाने आपल्या मनाने ठरवायचे नसते. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला मनाई आहे. जुन्या वाड्यात, पोटमाळ्यावर एखादी ठासणीची बंदूक निघाली की घरचे घाबरतात. कोणी ती गुपचूप भंगारात देतो, कोणी विहिरीत टाकतो. तसे करू नका. आधी तिला हात न लावता पोलीस ठाण्यात लेखी कळवा, सर्व ठशांची छायाचित्रे घ्या, आणि जवळच्या संग्रहालयाला पत्र लिहा. आणि संग्रहालयांना विनंती अशी की ‘ठासणीची बंदूक, एकोणिसावे शतक’ एवढ्यावर चिठ्ठी संपवू नका. नळीत दिवा टाकून पाहा, खाचा आहेत की नाहीत ते लिहा, आतला व्यास मोजून लिहा, चापाच्या पट्टीवरचे साल लिहा. नळी मूळची रायफलीची असून नंतर घासलेली असेल, तर चिठ्ठीवर तेच सर्वांत आधी छापा.